तीन भाग पाणी, एक भाग जमीन : ही वाटणी झाली कशी, आणि समुद्रापासून लांब इंदूरला तिचे काय?

इंदूरच्या रेल्वे स्टेशनवर फलाटाच्या टोकाला जी मोठी पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. माळव्याच्या पठारावरचे हे शहर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंबातचे आखात, आणि तेही सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरहून लांब. तरी आपली उंची मोजायची ती समुद्रापासूनच. उन्हाळ्यात वस्त्यांमध्ये टँकर फिरू लागले, की घरोघरी आणखी एक प्रश्न निघतो : पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन असे आपण शाळेत पाठ केले, मग एवढे पाणी असून आपल्याकडे ही ओढ का? भर म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने भिंतीवरच्या जगाच्या नेहमीच्या नकाशाविरुद्धच्या मोहिमेला पाठिंबा दिला आणि जगात कुणाकडे किती जमीन आहे याची चर्चा वर्तमानपत्रांत सुरू झाली. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर जमीन आणि पाणी यांची झालेली विषम वाटणी. ती नीट समजली तर पावसापासून नळाच्या पाण्यापर्यंत बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

‘तीन भाग पाणी’ म्हणजे नेमके काय?

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्यातले सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर पाण्याखाली आहेत आणि सुमारे १४ कोटी ९० लाख चौरस किलोमीटर जमीन आहे. म्हणजे पाणी ७१ टक्के आणि जमीन २९ टक्के. एकट्या पॅसिफिक महासागराचे क्षेत्रफळ साऱ्या खंडांच्या आणि बेटांच्या बेरजेपेक्षा जास्त भरते.

मात्र हा हिशेब केवळ पसाऱ्याचा आहे, खोलीचा नाही, आणि घोटाळा बहुधा इथेच होतो. महासागरांची सरासरी खोली ३.७ किलोमीटरच्या आसपास आहे, तर पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. महासागरांत सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. आकडा प्रचंड वाटतो, पण पृथ्वीच्या एकूण आकारमानाच्या हजार भागांत तो जेमतेम सव्वा भाग होतो. पृथ्वी ही खडकांची आहे आणि पाणी हा तिच्यावरचा अगदी पातळ थर आहे. तो थर मोठ्या भागावर पसरल्यामुळे अवकाशातून पाहणाऱ्याला ती निळी दिसते, इतकेच.

याच आकड्यांतून दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते तोच या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग सगळीकडे सारख्या उंचीचा असता, तर एवढ्या पाण्याने तिला अडीच किलोमीटरहून जाड थराने पूर्ण झाकून टाकले असते आणि कुठेही पाय टेकायला जागा उरली नसती. तेव्हा पाणी इतके का, यापेक्षा जमीन मुळात वर राहिलीच कशी, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी ही वाटणी किती एकतर्फी आहे ते पाहू.

वाटणी कशी झाली आहे?

जगातल्या एकूण जमिनीपैकी सुमारे दोन तृतीयांश जमीन विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. उत्तर गोलार्धात जमिनीचे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास आहे, तर दक्षिण गोलार्धात ते १९ टक्केच आहे. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावरून पृथ्वीची फेरी मारली, तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, अलास्का आणि कॅनडा असा निम्म्याहून अधिक प्रवास जमिनीवरून होतो. तीच फेरी ६० अंश दक्षिणेला मारली, तर जमिनीचा एकही तुकडा लागत नाही. दोन ध्रुवांची स्थितीही एकमेकांच्या उलट आहे : उत्तर ध्रुवावर खंडांनी वेढलेला समुद्र आहे आणि दक्षिण ध्रुवावर समुद्राने वेढलेला खंड आहे.

पृथ्वीचे असे दोन अर्ध करायचे ठरवले की एकात जास्तीत जास्त जमीन यावी, तर त्या अर्ध्याचा मध्य फ्रान्समधल्या नांत शहराजवळ येतो आणि समोरच्या अर्ध्याचा मध्य न्यूझीलंडच्या बाजूला पडतो. पहिल्या अर्ध्यात जगातली बहुतेक सगळी जमीन येते. तरीसुद्धा त्या अर्ध्यातही पाणी जमिनीपेक्षा थोडे अधिकच भरते. दुसरा अर्ध जवळजवळ निव्वळ पाण्याचा आहे. जमिनीच्या अगदी पाठीमागे, म्हणजे पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पुन्हा जमीनच असण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. इंदूरच्या राजवाड्याच्या चौकातून पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी सरळ रेषा कल्पिली, तर ती पलीकडे दक्षिण पॅसिफिक महासागरात बाहेर पडते. तिथून सर्वांत जवळची मनुष्यवस्ती चिलीच्या ताब्यातल्या ईस्टर बेटावरची, आणि ती सुमारे सातशे किलोमीटरवर आहे.

नेहमीच्या नकाशावर हे सारे दिसत नाही. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली दर्यावर्दी लोकांच्या सोयीसाठी जो नकाशा बनवला, त्यात दिशा अचूक राहतात, पण ध्रुवांकडे जावे तसे प्रदेश फुगत जातात. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीचे दिसते, वास्तविक आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट मोठी आहे. आपला भारतही ग्रीनलंडच्या दीडपट आहे. आफ्रिकी महासंघाचा आक्षेप नेमका याला आहे आणि तो मला रास्त वाटतो. घरात मुलांना ही वाटणी दाखवायची असेल, तर भिंतीवरच्या नकाशापेक्षा पृथ्वीचा साधा गोल हातात द्यावा आणि पॅसिफिकची बाजू समोर धरायला सांगावी. त्या बाजूने पाहिले की खंड जवळजवळ नाहीसे होतात.

जमीन वर राहिलीच कशी?

पृथ्वीच्या सर्वांत बाहेरच्या घन थराला भूकवच म्हणतात. हे भूकवच दोन प्रकारचे आहे. खंडांखालचे कवच ग्रॅनाइटसारख्या तुलनेने हलक्या खडकांचे असते आणि त्याची जाडी साधारण ३५ किलोमीटर, हिमालयासारख्या ठिकाणी तर त्याच्या दुपटीपर्यंत भरते. महासागरांच्या तळाचे कवच बेसॉल्टसारख्या जड खडकाचे असते आणि ते जेमतेम सात किलोमीटर जाड असते. दोन्ही कवचे त्यांच्याखालच्या अधिक जड थरावर, म्हणजे प्रावरणावर, टेकलेली आहेत. प्रावरण घनच आहे, पण लाखो वर्षांच्या कालावधीत ते अत्यंत संथपणे वाहते, आणि त्यामुळे त्यावरची कवचे एका अर्थी तरंगत असतात.

ताक घुसळल्यावर वर येणारे लोणी आठवावे. लोणी ताकापेक्षा हलके, म्हणून ते तरंगते. पण मोठा गोळा जितका वर दिसतो त्याहून कितीतरी अधिक ताकात बुडालेला असतो, आणि लहान पातळ कवडी जेमतेम पृष्ठभागाशीच राहते. वरून थोडे लोणी काढून घेतले, की उरलेला गोळा किंचित वर येतो. खंडांचे अगदी असेच आहे. जाड आणि हलके कवच उंच राहते, त्याची मुळे खोल जातात, आणि वरचे डोंगर पावसाने झिजले की खालून कवच हळूहळू वर उचलले जाते. या तोलाला भूशास्त्रात समस्थायित्व म्हणतात. साम्य इथेच संपत नाही. लोणी जसे दुधातूनच घुसळून वेगळे होते, तसा खंडांचा हलका खडकही पृथ्वीच्या आतल्या द्रव्यातून अब्जावधी वर्षांच्या वितळण्या-थिजण्यातून वेगळा होत वर आला आहे.

याचा ढळढळीत पुरावा उंचीच्या आकड्यांत सापडतो. पृथ्वीवरच्या सगळ्या जागांच्या उंची-खोलीचा तक्ता केला, तर बहुतेक जागा दोनच पातळ्यांच्या आसपास गर्दी करतात : एक समुद्रसपाटीच्या थोडी वर आणि दुसरी समुद्राच्या पृष्ठभागाखाली चार ते पाच किलोमीटरवर. मधल्या उतारांचा वाटा त्यामानाने कमी आहे. माउंट एव्हरेस्टचे ८,८४९ मीटर आणि मारियाना गर्तेची जवळजवळ ११ किलोमीटर खोली ही टोके शोभेची आहेत. जगाचा बहुतांश पृष्ठभाग या दोन मजल्यांवरच वसला आहे. ज्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ साली खंड सरकतात असे मांडले, त्या आल्फ्रेड वेगेनरनेही आपल्या बाजूने हाच मुद्दा मांडला होता. पृष्ठभाग एकाच प्रकारच्या खडकाचा आणि कुठे उचललेला, कुठे दबलेला असा असता, तर एकच सरासरी पातळी गर्दीची दिसली असती. दोन पातळ्या आहेत, कारण खडक दोन जातीचे आहेत.

पाणी मात्र काहीच ठरवत नाही. ते खालच्या मजल्यात साठते आणि तो भरून थोडे वरच्या मजल्याच्या कडांवर चढते.

पण माळव्याचा काळा दगड तर बेसॉल्टच आहे!

हा आक्षेप इंदूरकराने घ्यायलाच हवा. समुद्राचा तळ बेसॉल्टचा असतो आणि म्हणून तो खाली राहतो असे म्हणायचे, तर ज्या काळ्या फत्तराने आपले वाडे, छत्र्या आणि घाट बांधले आणि ज्याच्या झिजेतून माळव्याची काळी माती झाली, तोही बेसॉल्टच आहे. मग माळवा साडेपाचशे मीटर उंचीवर कसा?

महूच्या पुढे पातालपाणीला पावसाळ्याच्या अखेरीस गेले, की याचे उत्तर डोळ्यांसमोर उभे असते. चोरल नदी जिथे कड्यावरून खाली उडी घेते, तिथे उघड्या कड्यात लाव्हाचे आडवे थर एकावर एक दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि पसरत गेला. दख्खनच्या पठाराचे आणि माळव्याचे हे थर सह्याद्रीच्या बाजूला दोन किलोमीटरपर्यंत जाड आहेत, आपल्याकडे त्याहून पुष्कळच पातळ आहेत. हा सगळा थर आधीपासून असलेल्या जाड, हलक्या खंडीय कवचावर चढवलेला लेप आहे. वर दिसणारा दगड जड असला, तरी त्याखालची पस्तीस-चाळीस किलोमीटरची बैठक ग्रॅनाइटसारख्या खडकांची आहे आणि तोल तीच सांभाळते. ती बैठक उघडी पाहायची असेल, तर ग्वाल्हेरहून झाशीकडे जावे. तिथे बुंदेलखंडाचा गुलाबी-करडा ग्रॅनाइट जमिनीवर आला आहे आणि त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात आहे. महासागरांचा तळ याच्यापुढे अगदी पोरसवदा म्हणायचा, कारण त्याचा बहुतांश भाग वीस कोटी वर्षांपेक्षाही कमी वयाचा आहे. समुद्राच्या मध्यावरील भेगांतून तळ सतत नवा तयार होतो, आणि जुना, थंड झालेला तळ खंडांच्या कडेला पुन्हा पोटात घेतला जातो.

किनारा ही खंडाची कड नव्हे

मुंबईला समुद्रकिनारी उभे राहिले, की इथे भारत संपला असे वाटते. खडकांच्या हिशेबाने भारत तिथे संपत नाही. तिथून समुद्रात सुमारे १६० किलोमीटर आत असलेल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. महासागराच्या सरासरी खोलीपुढे हे डबकेच. खंडाचा जो भाग असा उथळ पाण्याखाली गेलेला असतो, त्याला समुद्रबूड जमीन म्हणतात. ती आणि तिच्यापुढचा उतार धरला, तर खंडीय कवचाने पृथ्वीचा सुमारे ४० टक्के पृष्ठभाग व्यापला आहे. आपल्याला त्यातले २९ टक्के कोरडे मिळाले आहेत. उरलेले पाण्याने तूर्त अडवले आहेत.

‘तूर्त’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. खंबातच्या आखाताच्या जागी तेव्हा कोरडी जमीन होती, श्रीलंका भारताला जोडलेली होती, आणि आशियातून उत्तर अमेरिकेत माणसे आणि जनावरे पायी जाऊ शकत होती. खंड तेच होते, पाणीही एकूण तेवढेच होते. फक्त ते कुठे ठेवलेले होते, ते बदलले.

उलट प्रकारही झाला आहे, आणि त्याची खूण इंदूरपासून फार लांब नाही. धार जिल्ह्यातले बाग हे गाव आपण तिथल्या लेण्यांसाठी ओळखतो. भूशास्त्रज्ञ मात्र ते तिथल्या चुनखडकासाठी ओळखतात. त्या खडकात शिंपले, शंख, सी-अर्चिन यांसारख्या निव्वळ समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे जीवाश्म मिळतात, शार्क माशांचे दातही मिळाले आहेत. नऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा इथवर आत शिरला होता. त्या काळी ध्रुवांवर बर्फाचे मोठे थर नव्हते, आणि समुद्रतळही वेगाने नव्याने घडत असल्यामुळे उष्ण आणि फुगलेला होता. त्याने वर ढकललेले पाणी जगभर खंडांच्या सखल भागांत पसरले. माळव्याचा लाव्हा यानंतर बाहेर आला, म्हणून समुद्राचे हे पुरावे आपल्या काळ्या दगडाच्या खाली सापडतात.

खुद्द खंडही एका जागी राहिलेले नाहीत. वीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ सगळी जमीन पँजिया नावाच्या एकाच महाखंडात होती. ती फुटली, तिच्या दक्षिणेकडच्या भागातून भारत सुटून उत्तरेला निघाला आणि पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आशियाला भिडला. माळव्यावर लाव्हा पसरत होता तेव्हा हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आज जमीन उत्तरेत जास्त आहे, ती या प्रवासातल्या एका टप्प्यामुळे आहे. त्यात कायमचे असे काहीही नाही.

समुद्रसपाटी तरी सपाट असते का?

थोडक्यात, नसते. स्टेशनच्या पाटीवरची उंची मोजण्यासाठी किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी घेतात. पण पृथ्वीच्या पोटातले द्रव्य सगळीकडे सारखे दाट नसल्याने गुरुत्वाकर्षणही थोडे कमी-जास्त असते, आणि पाणी त्याप्रमाणे उंच-सखल राहते. याबाबतचा जगातला सर्वांत मोठा खोलगट भाग श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे समुद्राचा पृष्ठभाग पृथ्वीच्या आदर्श आकाराच्या मानाने सुमारे १०६ मीटर खाली आहे. जहाजाला हा उतार जाणवत नाही, कारण ‘खाली’ ही दिशाच तिथे त्याप्रमाणे बदललेली असते.

या विषम वाटणीने आपल्याला काय दिले?

पाणी तापायला खडक-मातीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, शिवाय समुद्राचे पाणी ढवळले जात असल्याने ती उष्णता खोलवर वाटली जाते. जमीन वरच्यावर तापते आणि तितक्याच लवकर निवते. मे महिन्यात इंदूर चाळीस अंशांवर असते तेव्हा मुंबईचा पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे सहसा जात नाही, आणि जानेवारीच्या पहाटे इंदूर मुंबईपेक्षा पुष्कळ गार असते. ‘शब-ए-मालवा’ म्हणून ज्या गार रात्रींचे कौतुक होते, त्यांत पठाराच्या उंचीइतकाच समुद्रापासूनच्या अंतराचाही हात आहे.

हीच गोष्ट साऱ्या पृथ्वीला लावली, तर एक चकित करणारा निष्कर्ष निघतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. जुलैत सूर्याकडून मिळणारे ऊन जवळजवळ सात टक्के कमी असते. तरीही साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैतच सर्वाधिक असते, जानेवारीपेक्षा तीन ते चार अंशांनी जास्त. कारण जुलैत सूर्याकडे कललेला असतो तो उत्तर गोलार्ध, आणि जमीन तिथे आहे. जानेवारीत दक्षिणेवर ऊन पडते, तेव्हा ते समुद्र गिळून टाकतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही दर वर्षी असेच उत्तरेच्या तालावर चालते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ येथे ज्या नोंदी सुरू केल्या, त्यांत हे प्रमाण मे महिन्यानंतर सप्टेंबरच्या सुमारापर्यंत उतरते, कारण उत्तरेकडच्या विस्तीर्ण जमिनीवरील झाडे-पिके तेव्हा जोमाने वाढत असतात.

मोसमी पाऊस हे याच वाटणीचे आपल्या वाट्याला आलेले फळ आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक हे महासागर उत्तरेला दूरवर मोकळे आहेत. हिंदी महासागर मात्र उत्तरेला आशियाने बंद केला आहे. उन्हाळ्यात तो प्रचंड भूभाग आणि तिबेटचे उंच पठार तापते, दक्षिणेचा समुद्र त्यामानाने थंड राहतो, आणि दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडून, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळण घेऊन, अरबी समुद्रावरून बाष्प उचलत आपल्याकडे येतात. इंदूरला वर्षाकाठी सरासरी ३७-३८ इंच पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन आणि पाणी पृथ्वीवर सारखे विखुरलेले असते, तर इतका जोरकस मोसमी पाऊस झाला नसता. कर्कवृत्ताच्या आसपासचे इतर अनेक प्रदेश वाळवंटी आहेत, हे या संदर्भात विसरू नये.

मग पाण्याची ओढ का?

जगातल्या एकूण पाण्यापैकी सुमारे साडेसत्त्याण्णव टक्के खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यातले दोन तृतीयांशाहून अधिक हिमनद्या आणि ध्रुवीय बर्फात गोठलेले आहे, तीस टक्क्यांच्या आसपास भूजल आहे, आणि नद्या-तलावांच्या वाट्याला अगदी किरकोळ भाग येतो. दर वर्षी समुद्रावरून जे बाष्प उडते त्यातले बहुतेक परत समुद्रावरच बरसते; सुमारे ४० हजार घन किलोमीटर पाणी जमिनीकडे वळते आणि जवळपास तेवढेच नद्यांतून समुद्राला परत मिळते. माणसाची सारी शेती, सारी शहरे या फेऱ्यातल्या पाण्यावर चालतात. समुद्रातला साठा कितीही अफाट असला, तरी आपला संबंध या फेऱ्याशी आहे.

त्यात इंदूरची जागा मोठी चमत्कारिक आहे. शहराच्या दक्षिणेला विंध्याचा जो कडा आहे, तो जलविभाजक आहे, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या दोन दिशा ठरवणारी रेषा. महूजवळच्या जानापाव डोंगरावरून साडेसात नद्या निघतात, असे या भागात सांगतात. त्यांतली चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, आणि चोरल-कारमसारख्या नद्या दक्षिणेला उतरून नर्मदेला मिळतात. एकाच डोंगरावरचा पाऊस एका उतारावर पडला तर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागतो आणि दुसऱ्या उतारावर पडला तर अरबी समुद्राच्या. शहर स्वतः उत्तर उतारावर, पाणलोटाच्या अगदी माथ्याशी वसले आहे. माथ्यावर मोठी नदी असत नाही. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी वाहणारी कान्ह किती लहान आहे ते आपण रोजच पाहतो. होळकरांच्या काळात बांधलेल्या यशवंतसागराने आणि बिलावली-सिरपूरच्या तलावांनी जुन्या इंदूरची तहान भागवली, आताच्या इंदूरला ते पुरणे शक्य नव्हते. म्हणून निमाडात मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटर आणि चारशे मीटरहून अधिक उंच चढवून आणले जाते.

याचा हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंपाची आणि नळाची कोणतीही तूट धरली नाही तरी, एक युनिटहून थोडी अधिक वीज लागते. प्रत्यक्षात तूट असतेच, त्यामुळे खर्च याहून जास्त येतो. शिवाय हे पाणी वापरून झाले की कान्ह नदीतून क्षिप्रेला, तिथून चंबळ, यमुना आणि गंगेच्या वाटेला लागते. भरूचपाशी अरबी समुद्राला मिळाले असते ते नर्मदेचे पाणी इंदूरच्या स्वयंपाकघरांतून वळून बंगालच्या उपसागराच्या खोऱ्यात जाते. मला आपल्या शहराविषयीची ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि ती फार थोड्या जणांना ठाऊक असते.

समुद्राचे पाणी गोडे करून का आणू नये?

करता येते, आणि किनाऱ्यावरच्या काही शहरांत केले जाते. आजच्या चांगल्या यंत्रणेत हजार लिटर पाणी गोडे करायला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. इंदूरसाठी त्यात आणखी सव्वातीनशे किलोमीटरची वाहतूक आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरची चढण मिळवावी लागेल. नुसत्या चढणीलाच दीड युनिट. जलूदहून येणारे पाणी महाग वाटत असेल, तर हे त्याच्या कितीतरी पट महाग पडेल. पाऊस हेच काम सूर्याच्या उष्णतेवर करतो, मीठ समुद्रातच ठेवतो आणि पाणी थेट आपल्या छपरावर आणून टाकतो. म्हणून छपराचे पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये जिरवणे आणि जुने तलाव गाळमुक्त ठेवणे हे पाणलोटाच्या माथ्यावरच्या शहराला इतर कुठल्याही शहरापेक्षा अधिक लागू पडते.

समुद्र वर चढला, तर?

अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला, तर समुद्र आजच्यापेक्षा पासष्ट मीटरच्या आसपास वर येईल. आर्क्टिक समुद्रावर तरंगणारा बर्फ या हिशेबात धरत नाहीत, कारण तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारलेले असते. साडेपाचशे मीटरवरच्या इंदूरला किंवा दोनशे मीटरच्या आसपास असलेल्या ग्वाल्हेरला त्या पाण्याची भीती नाही. बडोदे मात्र चाळीस मीटरच्या आतबाहेर आहे. हे घडायला शेकडो-हजारो वर्षे लागतील. या शतकाच्या अखेरपर्यंतची अपेक्षित वाढ, आपण किती इंधन जाळतो यानुसार, साधारण पाव मीटरपासून एक मीटरपर्यंत आहे, आणि गेल्या सव्वाशे वर्षांत वीस सेंटिमीटरहून अधिक वाढ होऊन गेलीही आहे. तिच्यात बर्फाच्या वितळण्याबरोबर समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावल्याचाही मोठा वाटा आहे.

एक मीटर ऐकायला थोडे वाटते. पण नर्मदेच्या मुखाशी जमीन इतकी सपाट आहे, की भरतीचे खारे पाणी नदीत दूरवर आत चढते. उन्हाळ्यात वरून येणारे पाणी कमी झाले की ते आणखी आत सरकते, आसपासच्या शेतांचे भूजल खारे होते, आणि तिथल्या कोळ्यांच्या हिलसा माशालाही नदीत चढायला गोडे पाणी पुरत नाही. ते अडवण्यासाठी भरूचजवळ भाडभूत येथे बंधाऱ्याचे काम हाती घेण्यात आले आहे. खालून समुद्र वर येत असताना वरून नदीत किती पाणी सोडले जाते, यावर तिथला तोल ठरतो. आणि वरच्या अंगाला नदीतून जे पाणी उचलले जाते, त्यात जलूदच्या पंपांनी इंदूरसाठी उचललेले पाणीही धरावे लागते.